‘राष्ट्रीयत्व’ या रकान्याविषयी: चित्रपुस्तक स्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
चित्रपुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, प्रदर्शने आणि पुरस्कारांचे आयोजक, निवड समित्यांचे सदस्य आणि चित्रकारांशी करार करणारे प्रकाशक यांस

सप्रेम नमस्कार.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर वॉर्सातून निसटून सोव्हिएत हद्दीत आलेल्या एका माणसाने सोव्हिएत नागरिकत्वासाठी अर्ज केला. मुलाचं नाव त्याने सांगितलं, उरी. कारकुनाला नाव खटकलं. उरी झ्वी ग्रिनबर्ग या झिओनिस्ट, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कार करणाऱ्या, कवीवरून मुलाचं नाव ठेवणारा माणूस विश्वासाचा नाही, असा त्याने अर्थ काढला आणि अर्ज फेटाळला. घरच्यांच्या मनात होता तो बायबलमधला उरी, बेझालेल या कारागिराचा बाप. एका नावाच्या चुकीच्या वाचनाने ते कुटुंब कोणत्याच देशाचं उरलं नाही. आधी उत्तरेतल्या एका वसाहतीत त्यांची रवानगी झाली, पुढे मध्य आशियातल्या तुर्कस्तान या शहरात उपासमारीत वर्षं गेली. तो मुलगा १९४७ मध्ये पॅरिसला पोहोचला, १९४९ मध्ये इस्रायलला, १९५९ मध्ये न्यूयॉर्कला. चित्रपुस्तकांसाठी अमेरिकेत दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदक १९६९ मध्ये मिळवणारे चित्रकार उरी शुलेविट्झ ते हेच. ही हकिगत त्यांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहिली आहे.

नागरिकत्व नाकारलं गेल्यामुळे ते कुटुंब सीमेपासून दूर पाठवलं गेलं आणि पुढे जर्मन सैन्य आलं तेव्हा त्याच्या वाटेत नव्हतं. तो योगायोग होता. अर्जातल्या एका शब्दावरून माणसाचं काय काय ठरू शकतं, एवढ्यासाठीच तो इथे सांगितला. तुमच्या प्रवेशपत्रिकेत आजही तसाच एक रकाना आहे, ‘राष्ट्रीयत्व’. शेजारी लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे, आणि त्याला बांधून येणारी निमंत्रणपत्रं, करार, बँकेचे फॉर्म आणि चित्रांची पार्सलं यांच्याबद्दल.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण घोळ इथूनच सुरू होतो. स्थलांतरिताकडे बहुधा कुठल्यातरी देशाचा पासपोर्ट असतो. निर्वासिताकडे नागरिकत्व असू शकतं, पण त्या देशाकडे तो जाऊ शकत नाही. राज्यहीन माणूस म्हणजे ज्याला कोणताच देश आपल्या कायद्याने नागरिक मानत नाही. ही व्याख्या १९५४ च्या आंतरराष्ट्रीय कराराची आहे. एकच माणूस निर्वासितही असू शकतो आणि राज्यहीनही. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने नागरिकत्वाबाहेर ठेवलेले आणि देश सोडावा लागलेले रोहिंग्या तसे आहेत. काहीजण जन्मल्या गावातून कधीच हललेले नसतात आणि तरी राज्यहीन असतात, कारण वीसहून अधिक देशांत आजही आईला आपलं नागरिकत्व मुलाला वडिलांच्या बरोबरीने देता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे सुमारे ४४ लाख राज्यहीन लोकांची नोंद आहे, आणि खरा आकडा याहून बराच मोठा असल्याचं ती संस्थाच सांगते. त्यांच्यात चित्रं काढणारे नाहीत असं समजायचं कारण नाही.

आता रकाना. तुमच्या संकेतस्थळावरची देशांची यादी बहुधा आयएसओ ३१६६ या मानकातून जशीच्या तशी उचललेली असते. त्या मानकात देश आणि प्रदेश आहेत, राज्यहीनांसाठी संकेत नाही. विमानतळावरच्या यंत्रांना मात्र तो माहीत आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात राज्यहीन व्यक्तीसाठी ‘एक्सएक्सए’, १९५१ च्या करारानुसार निर्वासित असलेल्यासाठी ‘एक्सएक्सबी’ आणि इतर निर्वासितांसाठी ‘एक्सएक्ससी’ असे संकेत दिलेले आहेत. म्हणजे सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर हा चित्रकार कोण ते यंत्र वाचू शकतं, आणि चित्रपुस्तकांच्या स्पर्धेत त्याला स्वतःचं वर्णन करायला जागा मिळत नाही.

जागा नसली की माणूस अडतो आणि काहीतरी निवडतो. बहुतेक वेळा जन्मदेश. तिथे चूक पेरली जाते. चित्रं निवडली जातात, आयोजक प्रवेशपत्रिकेवरून निमंत्रणपत्र तयार करतात, पत्रात ‘अमुक देशाचे नागरिक’ असं छापलं जातं. चित्रकार ते पत्र आणि आपला प्रवास दस्तऐवज (पासपोर्टाऐवजी राहत्या देशाने दिलेली पुस्तिका) घेऊन वकिलातीत जातो. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून असलेल्या व्हिसाच्या, अर्जात ‘सध्याचं राष्ट्रीयत्व’ आणि ‘जन्मावेळचं राष्ट्रीयत्व’ असे दोन वेगळे प्रश्न असतात. पत्रात एक, अर्जात दुसरं, दस्तऐवजात तिसरं. तपासणाऱ्याने शंका घेतली तर त्याला दोष देता येत नाही. चित्रकाराने खोटं लिहिलेलं नसतं, तरी खोटेपणाचा शिक्का त्याच्या फाइलवर बसतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो आडवा येतो.

दुसरी चूक आयोजकांच्या बाजूने होते. दस्तऐवजाच्या मुखपृष्ठावर देशाचं नाव दिसलं की तेच राष्ट्रीयत्व समजलं जातं. ते नाव दस्तऐवज देणाऱ्या देशाचं आहे. माहितीच्या पानावर खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिल्या ओळीतलं तिसरं ते पाचवं अक्षर दस्तऐवज देणारा देश सांगतं. दुसऱ्या ओळीतलं अकरावं ते तेरावं अक्षर राष्ट्रीयत्व सांगतं. साध्या पासपोर्टात दोन्ही जागी तोच संकेत असतो, म्हणून कुणी बघत नाही. राज्यहीन व्यक्तीच्या दस्तऐवजात ते वेगळे असतात. निमंत्रणपत्र लिहिणाऱ्याने ही सहा अक्षरं पाहिली तरी पुष्कळ अनर्थ टळतात.

आमची मागणी सोपी आहे. प्रवेशपत्रिकेतून ‘राष्ट्रीयत्व’ काढून टाका. परीक्षकांना चित्र पाहताना त्याची गरज नसते. त्याऐवजी दोन प्रश्न ठेवा. पहिला: ‘आपण सध्या कोणत्या देशात राहता?’ दुसरा: ‘निवड झाल्यास कॅटलॉगमध्ये आपल्या नावाखाली काय छापावं? ओळ आपणच लिहा. रिकामी ठेवली तरी चालेल.’ प्रवासाची कागदपत्रं निवड झाल्यावर मागा, वेगळ्या फॉर्मवर, आणि ती फक्त निमंत्रणपत्र लिहिणाऱ्याच्या हाती राहू द्या. दस्तऐवज कोणता, कोणत्या देशाने दिला, मुदत कधी संपते, एवढंच तिथे विचारा. नियमामुळे राष्ट्रीयत्व विचारणं भागच असेल तर यादीत ‘राज्यहीन’ आणि ‘सांगू इच्छित नाही’ हे दोन पर्याय घाला, आणि ते सगळ्यात तळाशी ‘इतर’मध्ये दडवू नका.

‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय सौजन्य म्हणून मागत नाही. काही चित्रकारांचे नातेवाईक मागे राहिलेले असतात. छापील कॅटलॉगमध्ये आणि संकेतस्थळावर जन्मगाव, मूळ देश आणि सध्याचं शहर ही तीन नावं शेजारी शेजारी आली की त्यांचा माग काढणं सोपं होतं. म्हणून ती ओळ चित्रकाराच्या हातची असावी.

नावाचंही तसंच. एकच नाव अरबी, बर्मी किंवा सिरिलिक लिपीतून रोमन लिपीत येताना प्रत्येक कचेरीत वेगळं लिहिलं जातं. शाळेचा दाखला एक म्हणतो, निवासाचा परवाना दुसरं. पुस्तकावर कोणतं छापायचं ते चित्रकाराला विचारा, करारात ‘कागदोपत्री नाव’ आणि ‘पुस्तकावरचं नाव’ अशा दोन वेगळ्या ओळी ठेवा, आणि त्याला आयएसएनआय क्रमांक, म्हणजे लेखक-चित्रकारांची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मिळवून द्यायला मदत करा. तो १६ अंकी असतो आणि नावाची वर्तनी बदलली तरी बदलत नाही. एका चित्रकाराची पुस्तकं ग्रंथालयांच्या सूचीत दोन माणसांची म्हणून विखुरली की त्याचं काम एकत्र दिसतच नाही.

आता पुरस्कार. आयबीबीवाय या बालपुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार चित्रकारांना १९६६ पासून दिला जातो आणि त्यासाठी नावं येतात ती त्या संघटनेच्या राष्ट्रीय शाखांकडून. प्रत्येक शाखा आपल्या देशाचं नाव पुढे करायला बसलेली असते. जो कुणाचाच नाही त्याचं नाव कोण सुचवणार? हे कुणी दुष्टपणे ठरवलेलं नाही, पण रचनेचा परिणाम तोच होतो. कॅल्डेकॉट पदकाचा नियम ताडून पाहा. चित्रकार अमेरिकेचा नागरिक असावा ‘किंवा रहिवासी’, असं तो म्हणतो. या ‘किंवा रहिवासी’मुळे अमेरिकेत राहायला आलेला, पण नागरिक नसलेला चित्रकारही पात्र ठरतो. रशियातल्या यादवीनंतर देश सोडलेले आणि पॅरिसमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचलेले फ्योदोर रोयांकोव्स्की १९५६ चे मानकरी आहेत. स्वीडनचा ५० लाख क्रोनरचा लिंडग्रेन स्मृतिपुरस्कार तर भाषा आणि राष्ट्रीयत्व दोन्ही बाजूला ठेवतो. तेव्हा नियम बदलता येत नाहीत, हे आम्हाला मान्य नाही. ज्या शाखा नावं सुचवतात त्यांनी आपल्या नियमावलीत ‘आमच्या देशात राहणारे’ हे दोन-चार शब्द घालावेत. जिथे शाखाच नाही किंवा शाखा हात वर करते, तिथे प्रकाशकाला किंवा ग्रंथालयाला थेट नाव पाठवता यावं.

प्रकाशकांना एक गैरसमज फार आहे: नागरिकत्व नसलेल्या चित्रकाराच्या चित्रांना कॉपीराइट कसं लागू होणार? हा प्रश्न पिढ्यांपूर्वी सुटला आहे. बर्न करारातलं तिसरं कलम सदस्य देशात नेहमीचा रहिवास असलेल्या लेखक-चित्रकाराला त्या देशाच्या नागरिकाच्या बरोबरीने धरतं. पुस्तक आधी सदस्य देशात निघालं, किंवा पहिल्या प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत तिथे निघालं, तरीही संरक्षण मिळतं. १९५२ च्या सार्वत्रिक कॉपीराइट कराराला राज्यहीन आणि निर्वासित यांच्यासाठी वेगळा मसुदा जोडलेला आहे. आणि १९५४ च्या कराराचं चौदावं कलम कलाकृतींच्या हक्कांबाबत राज्यहीन व्यक्तीला ती जिथे राहते तिथल्या नागरिकासारखं वागवायला सांगतं. त्यामुळे करारात ‘मी अमुक देशाचा नागरिक असून’ या ओळीऐवजी ‘माझा नेहमीचा रहिवास अमुक देशात असून’ ही ओळ घातली तर हक्कांचं काहीही बिघडत नाही. सगळे हक्क एकरकमी विकत घ्यायला ही अडचण निमित्त म्हणून वापरली जाते, ते ताबडतोब थांबलं पाहिजे.

पैशाचं थोडक्यात. रॉयल्टीवरचा कर देशादेशांतल्या बहुतेक कर-करारांत रहिवासावर ठरतो, नागरिकत्वावर नाही. अमेरिकी प्रकाशक परदेशी चित्रकाराकडून डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरून घेतात. त्यात दुसरीच ओळ ‘नागरिकत्वाचा देश’ विचारते आणि गाडी तिथेच अडकते. पण रॉयल्टीतून होणारी ३० टक्के करकपात कमी होणार की नाही, हे ज्या देशात चित्रकार करदाता आहे त्या देशाशी कर-करार आहे का, यावर अवलंबून असतं. म्हणून हिशेब विभागाने निवासी करदात्याचा दाखला मागावा, आणि तो मिळायला वेळ लागतो म्हणून करारावर सही होते त्याच दिवशी मागावा.

प्रवासाकडे येतो. राज्यहीन व्यक्तीचा प्रवास दस्तऐवज १९५४ च्या कराराच्या परिशिष्टानुसार किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं मुदतीचा असतो. काही देश याहून लांब मुदत देतात, पण त्यावर विसंबू नका. शेंगेन देशांत जायचं तर परतीच्या ठरलेल्या तारखेनंतरही दस्तऐवज किमान ३ महिने चालू असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पानं लागतात. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असतात, ते ४५ पर्यंत वाढू शकतात. तुम्ही निकाल जाहीर करता मेळाव्याच्या आठ आठवडे आधी. मुदत संपत आलेला दस्तऐवज नवा करून घ्यायचा, मग व्हिसाची तारीख मिळवायची, मग वाट पाहायची, हे आठ आठवड्यांत बसत नाही. निवड झालेल्यांना निकालापूर्वी गुपचूप कळवून निमंत्रणपत्र किमान पाच महिने आधी हाती द्या.

त्या पत्रात काय असावं, तेही सांगतो, कारण ‘आपली उपस्थिती आम्हाला भूषणावह वाटेल’ या वाक्यावर व्हिसा मिळत नाही. दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक, चित्रकाराची निवड कशासाठी झाली, येण्याची आणि जाण्याची तारीख, राहण्याचा पत्ता, कोणता खर्च कोण उचलणार, आणि शंका आल्यास फोन उचलणारी एक खरी व्यक्ती. शिवाय परतीचा मुद्दा. अधिकाऱ्याला भीती असते ती माणूस परत जाणार नाही, याची. १९५४ च्या कराराच्या परिशिष्टाचा तेरावा परिच्छेद सांगतो की दस्तऐवजावर उलट काही लिहिलेलं नसेल, तर त्याच्या मुदतीत धारकाला तो देणाऱ्या देशात परत प्रवेश मिळतो. म्हणून दस्तऐवज आधी नीट वाचा. परतीची मुदत वेगळी छापलेली असेल तर प्रवासाच्या तारखा तिच्या आत बसवा आणि तसं पत्रात नमूद करा. आणि एवढं करूनही व्हिसा नाकारला गेला, तर चित्रकाराची भिंत रिकामी ठेवू नका आणि त्याचं भाषण रद्द करू नका. पडद्यावर बोलण्याची सोय पहिल्या दिवसापासून राखून ठेवा.

मूळ चित्रं मागणारी प्रदर्शनं अजून आहेत. चित्रं सीमाशुल्क न भरता तात्पुरती बाहेर नेण्यासाठी एटीए कार्ने वापरतात. तो व्यापारी मंडळांकडून मिळतो, एक वर्ष चालतो आणि त्यासाठी हमी भरावी लागते. ज्याचं बँक खातंच कसंबसं उघडलं आहे त्याला ही हमी जड जाते. वर्षभरात चित्रकाराचा निवाऱ्याचा पत्ता बदलला तर पार्सल जुन्या दारावर जाऊन पडतं. जलरंगातली चित्रं गोदामाच्या ओलीत आठवडाभर राहिली की कागद लाटा धरतो आणि रंगाच्या कडा फुटतात. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. तेव्हा स्कॅन स्वीकारा आणि छपाई तुम्ही करा. ए३ आकाराचं चित्र ६०० डीपीआयला स्कॅन केलं की सुमारे ७०१६ बाय ९९२१ बिंदूंची, दोनशे एमबीच्या आसपासची टिफ फाइल होते. फाइल चढवण्याची तुमची मर्यादा १० एमबी असेल तर चित्रकार ती जेपीजीत दाबतो, आणि फिकट रंगाच्या सलग पातळ थरात पट्टे उमटतात. परीक्षक त्याला कसब कमी म्हणतात. मोठा स्कॅनर नसेल तर ए४ यंत्रावर तीन भागांत, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर समाईक ठेवून स्कॅन करता येतं, पण यंत्राचा ‘आपोआप उजळवा’ हा पर्याय प्रत्येक वेळी बंद हवा, नाहीतर जोड दिसतो. हे एका पानात छापून प्रवेशपत्रिकेसोबत द्या. ज्यांना कधीही निघावं लागू शकतं, त्यांच्या दृष्टीने हे स्कॅनच मूळ चित्रांचं जतन असतं.

शेवटी संपादकांना आणि परीक्षकांना, आणि हे आम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. अशा चित्रकाराकडून पहिल्याच पुस्तकात काटेरी तार, तंबू आणि एकच बॅग मागू नका. शुलेविट्झ यांनी वडिलांनी भाकरीऐवजी नकाशा विकत आणल्याची, आणि भिंतभर लावलेल्या त्या नकाशात उपाशी मुलगा हरवून गेल्याची गोष्ट चित्रपुस्तकात आणली ती २००८ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी. त्याआधी त्यांनी तळ्याकाठची पहाट काढली, शहरावर पडणारा बर्फ काढला. १९७४ च्या त्या पहाटेच्या पुस्तकात आजोबा आणि नातू झाडाखाली झोपलेले असतात, पानापानाने निळा रंग उजळत जातो आणि होडी तळ्याच्या मध्यावर पोहोचते तेव्हा कुठे हिरवा फुटतो. त्यात सीमा नाही, कारकून नाही. निर्वासिताचं अनुभवविश्व दिसत नाही म्हणून ती पानं कुणी परत पाठवली असती तर?

जर्मनीतून लहानपणी बाहेर पडलेल्या लेखिका-चित्रकार ज्युडिथ केर यांच्या वडिलांचं, आल्फ्रेड केर यांचं नाव १९३३ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी नागरिकत्व काढून घेतलेल्या ३३ जणांच्या पहिल्या यादीत होतं. ज्युडिथ ब्रिटिश झाल्या त्या १९४७ मध्ये. १९६८ साली त्यांनी चहाला आलेला वाघ काढला, सगळं खाऊन-पिऊन निघून जाणारा. दारात उभा राहणारा हा पाहुणा म्हणजे गेस्टापो, असं लोक सांगू लागले. तो फक्त वाघ आहे, असं त्या सांगत राहिल्या. आणि चेकोस्लोव्हाकिया सोडलेल्या मिरोस्लाव शाशेक यांनी १९५९ पासून पॅरिस, लंडन, रोम, न्यूयॉर्क अशी शहरं मुलांना दाखवली. दुसऱ्यांच्या गावांकडे त्यांच्याइतक्या प्रेमाने पाहणारा चित्रकार शोधून सापडत नाही. चित्रकाराला स्वतःच्या दुःखाची गोष्ट सांगायची असेल तर ती मागे ठेवा असंही आम्ही म्हणत नाही. ती कधी सांगायची, हे त्याच्यावर सोडा. निवेदनात चरित्र मागू नका, स्टोरीबोर्ड आणि डमी (पुस्तकाचा कच्चा नमुना) मागा. परीक्षकांपुढे ३२ पानं ठेवा आणि चित्रकाराची माहिती गुण देऊन झाल्यावर उघडा.

पुढच्या वर्षाच्या प्रवेशपत्रिका आता तयार होत असतील. वर दिलेले दोन प्रश्न जसेच्या तसे उचलायला आमची काहीच हरकत नाही. तुमच्या नियमावलीत राष्ट्रीयत्वाचा रकाना ठेवणं कायद्याने बंधनकारक असेल, तर ते कलम कोणतं, हे प्रवेशपत्रिकेवरच छापा, म्हणजे ते बदलून घेण्यासाठी कुणाकडे जायचं, हे आम्हालाही कळेल.

आपले,
चित्रपुस्तकांची निर्मिती, हक्कांचे करार आणि चित्रकारांच्या प्रवासाची कागदपत्रं यांचं काम करणारे आम्ही काहीजण